घरच्या कॉम्प्युटरचेही ओव्हरहॉलिंग



गाळप हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग सुरू होते. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, बेअरिंगला ग्रीस भरले जाते. ऐन हंगामात मिल थांबली तर काय होते, हे ज्यांची गाडी यार्डात रात्रभर उभी राहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. पण त्याच सभासदाच्या घरी कोपऱ्यात ठेवलेला कॉम्प्युटर मात्र वर्षानुवर्षे कोणी उघडून पाहत नाही. वरून रुमाल टाकला की झाली देखभाल! मग पोरीच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असतो, किंवा पीकविम्याची मुदत संपत आलेली असते, आणि नेमका त्याच दिवशी तो बंद पडतो.

२०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. शिष्यवृत्ती, विमा, बँक, सगळेच हळूहळू या यंत्रावर आले. तेव्हा हे यंत्र आता चैनीचे राहिलेले नाही, विहिरीवरच्या मोटारीसारखेच कामाचे आहे. म्हणून त्याच्या रोजच्या दुखण्यांविषयी चार गोष्टी आज सांगत आहोत. त्या आम्ही पुस्तकात वाचून शिकलो नाही, ठेच लागून शिकलो.

आमच्या घरची गोष्ट

आमच्याकडे ऊसतोडीची टोळी असते. कोणत्या कोयत्याने किती उचल घेतली, किती फिटली, हा हिशेब पूर्वी लाल वहीत असे. मुलगा शिकला, त्याने तो कॉम्प्युटरवर घेतला. तीन हंगाम सुरळीत गेले. वही माळ्यावर गेली. एका वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बटण दाबले तर पडदा काळाच, आणि आतून नुसता टीं-टीं आवाज. तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारून देतो." आम्ही म्हणालो, "मारा." फॉरमॅट म्हणजे काय, हे विचारलेच नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र चकाचक होऊन आले आणि हिशेब गेला. अकरा कोयत्यांचा तीन वर्षांचा हिशेब! टोळी निघायला आठ दिवस राहिलेले. शेवटी सगळ्यांना ओसरीवर बोलावले आणि खरे ते सांगून टाकले. मग एकेक जोडी बोलू लागली. "नागपंचमीला पाच हजार घेतले, पोरीच्या बाळंतपणाला सात." आम्ही बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहिले. जिथे पासबुकात नोंद होती, तिथे एकाचाही आकडा चुकला नव्हता. जिथे नोंद नव्हती, तिथे आम्ही त्यांचा शब्द धरला. जाताना एक बाई म्हणाली, "दादा, आमचं डोक्यात होतं म्हणून राहिलं. तुमचं डबड्यात होतं म्हणून गेलं."

पुढच्या वर्षी पुन्हा तसाच टीं-टीं आवाज आला. या वेळी मुलाच्या पॉलिटेक्निकमधल्या मित्राने झाकण काढले, आतली एक पट्टी उपसली, खोडरबराने पुसली आणि परत बसवली. पाच मिनिटांत यंत्र चालू! म्हणजे आदल्या वर्षीही बहुधा एवढेच झाले होते. फॉरमॅटची गरजच नव्हती.

तेव्हापासून एक नियम घरात केला आहे. आधी माहिती वाचवायची, मग यंत्र. यंत्र बाजारात पुन्हा मिळते. हिशेब आणि फोटो मिळत नाहीत.

१. पहिला संशय विजेवर

आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते, निदान यायला पाहिजे. पण डीपीवर न्यूट्रल तुटली की काही घरांत व्होल्टेज ४०० च्या जवळ जाऊ शकते. बल्ब एकदम लखलखीत झाले, पंखा भरधाव फिरू लागला, की बघत बसू नका. मेन स्विच पाडा आणि वायरमनला कळवा. लाइट गेली असेल तेव्हाही प्लग काढून ठेवावा, कारण वीज परत येताना येणारा झटका जास्त घातक असतो. मृगाच्या आधी वळवाचे ढग गडगडू लागले की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि इंटरनेटची तांब्याची वायरही काढावी, कारण त्या वायरीतूनसुद्धा झटका येतो.

कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. याचा अर्थ बहुतेक वेळा घराला अर्थिंग नाही, किंवा असलेले तुटले आहे. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कापून दोन पिनांत घुसवण्याची आपली सवय वाईट आहे. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे. अर्थिंग जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. शक्य असेल तर यूपीएस घ्यावा. लाइट गेल्यावर तो पाच-दहा मिनिटे देतो. तेवढा वेळ काम साठवून यंत्र नीट बंद करण्यापुरता आहे, सिनेमा पुरा करण्यापुरता नव्हे.

२. धूळ आणि ऊन

आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या मातीची धूळ दाराच्या फटीतूनही आत येते. कॉम्प्युटरचा पंखा हवा ओढतो, त्याबरोबर ही धूळही ओढतो. जाळी चोंदली की आतला भाग तापतो. मग यंत्र आधी हळू चालते, पंखा घरघरतो आणि शेवटी ते आपोआप बंद पडते. हे बिघडणे नव्हे. जळू नये म्हणून यंत्राने स्वतःला थांबवलेले असते.

उपाय साधा आहे. तीन-चार महिन्यांतून एकदा प्लग काढून झाकण उघडावे, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने धूळ काढावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, ते भरधाव फिरू देऊ नये. ओले फडके आत नेऊ नये. लॅपटॉप गोधडीवर ठेवून वापरू नये, कारण खालून हवा घ्यायच्या फटी बंद होतात. पाट किंवा जाड पुठ्ठा खाली ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. उंदीर वायर कुरतडतात आणि पाली आत शिरतात, म्हणून मागची मोकळी भोके पत्र्याने झाकावीत.

३. चालूच होत नाही, तेव्हा

घाबरू नये. क्रमाने पाहावे. दुसरा बल्ब किंवा चार्जर लावून बोर्डात वीज आहे का ते बघावे. मग वायरी दोन्ही टोकांना घट्ट बसल्यात का, पडद्याचे बटण चालू आहे का, हे पाहावे. निम्मे आजार इथेच सापडतात. लॅपटॉप असेल तर चार्जर काढावा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढावी, चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि परत जोडून बघावे.

पडदा काळा आणि टीं-टीं आवाज येत असेल तर बहुतेक वेळा रॅमची पट्टी सैल झालेली असते. प्लग काढून, आधी उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडून पट्टी काढावी. पिवळ्या दातांवर खोडरबर हलकेच फिरवावे, रबराचा भुसा झटकावा आणि खिट्टी टक् वाजेपर्यंत पट्टी बसवावी.

आणखी एक गंमत. कॉम्प्युटर चालू होतो, पण तारीख जुनी दाखवतो आणि एकही सरकारी संकेतस्थळ धड उघडत नाही. लोक इंटरनेटला शिव्या देतात. दोष असतो आतल्या गोल सेलचा. तो तीन व्होल्टचा असतो आणि त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. सेल बदलून तारीख नीट लावली की काम होते.

४. फार हळू चालतो, तेव्हा

नवीन घेण्याआधी डिस्क किती भरली आहे ते पाहावे. ती काठोकाठ भरलेली असेल तर नको असलेले सिनेमे काढावेत. आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करावेत. यंत्र जुने पण धड असेल तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून पाहावी. म्हातारा बैल जवान झाल्यासारखा फरक पडतो आणि नव्या यंत्राचा खर्च वाचतो. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात ठेवावे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्याआधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

५. मराठीचा कडबा झाला, तेव्हा

जुना अर्ज उघडला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कडबा दिसतो. फाईल खराब झाली म्हणून पुष्कळ जण ती पुसून टाकतात. तसे करू नये. पूर्वी शिवाजी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टंकलेखन होई. तो फाँट यंत्रावर नसला की अक्षरे अशी दिसतात. फाँट बसवला की मजकूर जसाच्या तसा परत येतो. इथून पुढे मात्र युनिकोडमध्येच लिहावे. देवनागरीला त्यात १९९१ पासून जागा आहे आणि ते कोणत्याही यंत्रावर, मोबाइलवरही, नीट दिसते.

६. इथे हात लावू नये

विजेची पत्र्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका साठलेला असतो. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. हार्ड डिस्क टक्-टक् करू लागली तर यंत्र ताबडतोब बंद करावे. "एकदा बघू" म्हणून पुनःपुन्हा चालू केले की उरलेली माहितीही जाते. आणि "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, हे ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो" असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. असे लोक पडद्याचा ताबा घेऊन खाते रिकामे करतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी आशा कमी.

७. नक्कल ठेवा

आता मूळ गोष्ट. महत्त्वाच्या फाईलची एक नक्कल पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती कॉम्प्युटरपासून सुटी, कपाटात ठेवावी. जोडलेली ठेवली तर एकच व्हायरस किंवा एकच झटका दोन्ही नेतो. दुसरी नक्कल घराबाहेर असावी, इंटरनेटवरच्या खात्यात किंवा पाहुण्यांच्या घरी. हिशेबाचा मात्र महिन्याला एक कागदही छापून ठेवावा. आमची लाल वही आता माळ्यावरून खाली आली आहे. उचल दिली की आधी वहीत लिहितो, घेणाऱ्याला वाचून दाखवतो, मग कॉम्प्युटरवर घेतो.

दुकानात यंत्र देताना तीन प्रश्न विचारावेत. काय बिघडले आहे? माझ्या फाईल राहतील का? खर्च किती? फाईल वाचवल्याशिवाय फॉरमॅट करू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. यात संशय नाही, व्यवहार आहे. काट्यावर उसाचे वजन आपण डोळ्यांनी बघतोच ना!

सभासदांना विनंती की, टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला कोयता, विळा, ट्रॅक्टर यांच्या ओळीत कॉम्प्युटरही मांडावा. पण हळदकुंकू वाहण्याआधी त्याची धूळ काढावी आणि हिशेबाची नक्कल घ्यावी. आमच्या टोळीतल्या माणसांची स्मरणशक्ती तेव्हा आमच्या कामी आली. दर वेळी दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर आणि भलेपणावर आपला हिशेब सोडणे बरे नव्हे.