निष्ठेची मुदत पाच वर्षं

ज्या पक्षाला मी एकामागून एक निवडणुकांत मत देत आलो, त्याचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की वाचणारा लगेच बाजू घेतो आणि मुद्दा बाजूला पडतो. शिवाय मोठ्या पक्षांपैकी कुणाच्याही मतदाराला हे आपलंच वाटेल. पक्षावरून मन उडतं ते एका रात्रीत नाही. आधी आपण एखाद्या नेत्याला दोष देतो, मग परिस्थितीला. पुढे ‘राजकारणात असं करावंच लागतं’ म्हणून स्वतःची समजूत काढतो. या सगळ्याच्या बुडाशी एक समज असतो, की मत घेतलं म्हणजे पक्षाने आपल्याला काहीतरी बांधून दिलं आहे. नव्याने एखाद्या पक्षाच्या प्रेमात पडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की आधी हा समज तपासा. आपल्या व्यवस्थेत त्याला जवळजवळ काहीच आधार नाही.

महाराष्ट्रातली 2019 ची विधानसभा निवडणूक आठवा. भाजपचे 105 आणि शिवसेनेचे 56 आमदार युती म्हणून मतं मागून निवडून आले. समोर राष्ट्रवादीचे 54 आणि काँग्रेसचे 44. त्यानंतर 23 नोव्हेंबरला फडणवीस आणि अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी झाला, 28 नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, 30 जून 2022 ला एकनाथ शिंदे आले आणि 2 जुलै 2023 ला अजित पवार त्या सरकारात सामील झाले. म्हणजे विधानसभेच्या एकाच मुदतीत अजित पवार फडणवीस, ठाकरे आणि शिंदे अशा तीन मुख्यमंत्र्यांचे उपमुख्यमंत्री होते. (वेगळ्या वेळी हा विनोद म्हणून खपला असता.) शिवसेनेच्या मतदाराचं मत आधी भाजपविरुद्ध वापरलं गेलं, नंतर भाजपसोबत. सिंचन घोटाळ्याच्या आरोपांवर टाळ्या वाजवणाऱ्या भाजपच्या मतदाराला ज्यांच्यावर ते आरोप झाले त्यांचीच सोबत पाहावी लागली. काँग्रेसवाल्याने अशोक चव्हाणांना 2024 च्या फेब्रुवारीत भाजपमध्ये जाताना पाहिलं. यातल्या एकाही वळणावर मतदाराला कुणी विचारलं नाही, आणि विचारण्याचं बंधनही कुणावर नव्हतं.

पक्षांतरबंदी कायदा आहे ना, असं इथे हटकून म्हटलं जातं. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना अभय होतं. 2003 मध्ये 91 व्या दुरुस्तीने ती सवलत गेली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट मोकळी राहिली. गोव्यात 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी बरोबर 10 आमदार भाजपमध्ये गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2022 मध्ये ते विलीनीकरण वैध ठरवलं. त्याच वर्षी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना देऊळ, क्रूस आणि दर्ग्यासमोर पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या. सप्टेंबरात निवडून आलेल्या 11 पैकी 8 जण भाजपमध्ये गेले. महाराष्ट्रात शिवसेनेच्या अपात्रतेचं प्रकरण 2022 च्या जूनमध्ये सुरू झालं आणि विधानसभाध्यक्षांचा निर्णय लागला 10 जानेवारी 2024 ला. दोन्ही गटांतलं कुणीच अपात्र ठरलं नाही. निवाडा करणारा अध्यक्ष स्वतः एका पक्षातून निवडून आलेला असतो, हे वेगळं सांगायला नको. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या कायद्यातला वाद आमदार आणि पक्ष यांच्यातला आहे. मतदार त्यात पक्षकारच नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. 2024 च्या नोव्हेंबरात भाजपला 132, शिंदेंच्या शिवसेनेला 57 आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीला 41 जागा मिळाल्या. लोकांनी सगळं मान्य केलं, मग तक्रार कसली? मान्य केलं, हे खरं. पण जेमतेम सहा महिने आधी लोकसभेत याच मतदारांनी विरोधातल्या महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा दिल्या होत्या. यावरून मला दिसतं ते इतकंच, की बरेच लोक त्या-त्या वेळचा हिशेब करून मत देतात. कट्टर समर्थक मात्र तो हिशेब करत नाही, आणि हे लिहिणं त्याच्यासाठीच आहे. दुसरा आक्षेप असा, की पक्ष सोडा, माणूस पाहा. सल्ला चांगला असला तरी अर्धाच आहे. निवडून आलेला भला माणूसही व्हीप निघाला की सांगितल्याप्रमाणे हात वर करतो, कारण तसं न केल्यास त्याच दहाव्या अनुसूचीने त्याची आमदारकी धोक्यात येते. एकट्याने विवेकाने वागणाऱ्याला हा कायदा अडवतो आणि घाऊक पक्षांतराला वाट देतो. म्हणून माणूस आणि पक्ष दोन्ही पाहावे लागतात, आणि ते दर निवडणुकीला नव्याने.

व्यवहारात हे फार अवघड नाही. उमेदवाराचं या वेळचं प्रतिज्ञापत्र मागच्या वेळच्या शेजारी ठेवून वाचा. मालमत्ता आणि गुन्हे दोन्ही रकाने त्यात असतात. शिंदे सरकारवरच्या 4 जुलै 2022 च्या विश्वासदर्शक ठरावावेळी तो सभागृहात असेल तर कुठल्या बाजूने उभा राहिला ते पाहा, आणि प्रचाराला दारात आला की त्याचं कारण विचारा. ‘नोटा’ने विधानसभेचा निकाल बदलत नाही, महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये ‘नोटा’ला सर्वाधिक मतं पडल्यास फेरनिवडणुकीची तरतूद केली आहे, तेव्हा तिथे ते बटण अगदीच निरुपयोगी नाही. पण माझ्या मते सगळ्यात आधी थांबवायची ती फुकटची वकिली. मत पाच वर्षांतून एकदा द्यायचं असतं. पक्षाची बाजू मात्र आपण घरात, कचेरीत, लोकलच्या डब्यात रोज लढवतो, आणि प्रत्येक कोलांटउडीला कारण पुरवतो. पक्षाला आपल्याकडून सर्वांत स्वस्तात मिळते ती हीच सेवा. ती थांबवली तरी मत त्याच पक्षाला देता येतंच. त्याचा उमेदवार खरोखर बरा असेल, तर मी अजूनही देतो.