विंचवाचे विष आणि पेशीचे पोटॅशियम-द्वार

मोर्शी परिसरातील संत्राबागांतून बांधावरचे दगड हलविताना किंवा सरपणाचा ढीग उपसताना विंचू निघणे नवे नाही. मोठ्या काळ्या इंगळीची धास्ती अधिक वाटते. परंतु प्राणावर बेततो तो बहुधा लहानसा लाल विंचू.

याचे कारण पेशीच्या पटलात आहे. या पटलात प्रथिनांची अरुंद द्वारे असतात. चेतातंतूतून संदेश गेल्यावर पोटॅशियमचे आयन त्यांतून बाहेर पडतात आणि तंतू पूर्वस्थितीवर येतो. लाल विंचवाच्या विषातील आयबेरियोटॉक्सिन हे 37 अमिनो आम्लांचे प्रथिन अशा एका प्रकारच्या द्वाराच्या तोंडावर बुचासारखे बसते. 1990 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. (विषातील अन्य द्रव्ये सोडियमची द्वारे उघडी ठेवतात; खरा घात मुख्यतः त्यांचा.)

हे बूच किती घट्ट बसेल, हे मात्र आयनांवरही अवलंबून असते. अशाच दुसऱ्या विंचवाच्या कॅरिब्डोटॉक्सिन या विषद्रव्यावर रॉडरिक मॅकिनन व ख्रिस्तोफर मिलर यांनी अमेरिकेत केलेले प्रयोग 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. पटलाच्या आतील बाजूचे पोटॅशियम वाढविले, तेव्हा बाहेरच्या बाजूस बसलेले बूच लवकर सुटू लागले! विषद्रव्यातील लायसिन या घटकाचा धन विद्युत्भार द्वाराच्या मुखाशी येतो. आतून येणारा पोटॅशियमचा आयनही धनभारित असल्याने तो त्यास बाहेर ढकलतो. याउलट द्वाराच्या मुखावरील ऋणभार विषद्रव्याला ओढून घेतो. बाहेरील द्रवात क्षार वाढल्यास ही ओढ झाकली जाते व बूच बसण्यास विलंब लागतो. पोटॅशियम-द्वाराची रचना उलगडल्याबद्दल मॅकिनन यांना 2003 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

यावरून दंशावर मीठ चोळावे अथवा क्षारांचे पाणी पाजावे, असा अर्थ कोणी काढू नये. प्रयोगशाळेतील द्रव वेगळा, माणसाचे रक्त वेगळे. रक्तात पोटॅशियम वाढले तर हृदयच बंद पडू शकते.

उपचाराचा मार्ग महाराष्ट्रातच सापडला. रायगड जिल्ह्यातील महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 नंतरच्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. विषामुळे शरीरात उसळणाऱ्या उत्तेजक द्रव्यांचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम ते रोखते. प्राझोसिनसोबत विंचूविरोधी लस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे त्यांच्या 2011 मधील अभ्यासात आढळले. दरदरून घाम, उलटी व हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसताच, दंशाची वेदना थोडी असली तरी, रुग्णास विनाविलंब शासकीय रुग्णालयात न्यावे. विशेषतः लहान मुलांस.