चिमुकला महाकाय

जपानमधील शिझुओका हे नगर हिरव्या चहाच्या मळ्यांसाठी जसे विख्यात आहे, तसेच ते प्रतिकृतींच्या कारखान्यांसाठीही विख्यात आहे. या भागात लाकूडकामाची परंपरा फार जुनी. तेथील कारागिरांनी आरंभी लाकडाची चिमुकली विमाने आणि जहाजे घडविली. पुढे प्लॅस्टिकचे युग आले आणि लाकडाची जागा प्लॅस्टिकने घेतली. परंतु हातांचा नेटकेपणा मात्र तोच राहिला. याच नगरात ‘गंडम’ नावाच्या महाकाय यंत्रमानवाच्या प्रतिकृती तयार होतात.

या यंत्रमानवाचा जन्म एका चित्रमालिकेत झाला. योशियुकी तोमिनो यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका एप्रिल १९७९ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तिच्यातील यंत्रांची रचना कुनिओ ओकावारा यांनी केली होती. त्यापूर्वीच्या बहुतेक गोष्टींतील यंत्रमानव हे अजिंक्य वीर असत. गंडम हे मात्र माणसाने बनविलेले व माणसाने चालविलेले युद्धयंत्र होते. ते बिघडे, त्याचे इंधन संपे, आणि ते चालविणारा मुलगा युद्धाला भिऊन जाई. ही नवी दृष्टी प्रेक्षकांना लगेच रुचली नाही. ५२ भागांची योजलेली मालिका ४३ भागांतच, जानेवारी १९८० मध्ये, आटोपती घ्यावी लागली.

परंतु त्याच वर्षी जुलै महिन्यात बंदाई या कंपनीने गंडमचा प्लॅस्टिकचा जोडसंच विक्रीस आणला. त्याची किंमत ३०० येन, म्हणजे शाळकरी मुलांच्या आवाक्यातील होती. मालिकेचे पुनःप्रक्षेपण होऊ लागले, तिच्यावर चित्रपट निघाले, आणि या संचांना विलक्षण मागणी आली. १९८२ च्या जानेवारीत चिबा प्रांतातील एका दुकानात संच मिळविण्यासाठी मुलांची अशी झुंबड उडाली, की सरकत्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन कित्येक मुले जखमी झाली. जी कथा अर्ध्यावर थांबविली गेली, तिला मुलांच्या हातांनीच पुन्हा उभे केले.

कथेतील गंडम १८ मीटर उंच आहे. पहिला संच १४४ पटींनी लहान केलेला होता. १८ मीटर म्हणजे १८०० सेंटिमीटर. त्यांस १४४ ने भागले की साडेबारा सेंटिमीटर येतात. त्यामुळे तो महाकाय मुलाच्या तळहातावर सहज उभा राही. पुढे १०० पट लहान, म्हणजे १८ सेंटिमीटर उंचीच्या, आणि ६० पट लहान, म्हणजे ३० सेंटिमीटर उंचीच्या प्रतिकृतीही निघाल्या.

हे संच तयार कसे होतात? प्लॅस्टिकचे बारीक दाणे तापवून वितळवितात आणि तो रस मोठ्या दाबाने धातूच्या साच्यात सोडतात. रस थिजला की साचा उघडतात. आत एक चौकट तयार झालेली असते आणि तिला फांदीला फळे लगडावीत तसे सुटे भाग लागलेले असतात. प्रत्येक भागाजवळ त्याचा क्रमांक कोरलेला असतो. पहिल्या संचाचे भाग डिंकासारख्या द्रवाने चिकटवावे लागत आणि रंगही हातानेच द्यावा लागे. आजचे भाग निरनिराळ्या रंगांत घडविलेले असतात आणि खुंटी खोबणीत दाबली की ते घट्ट बसतात.

तथापि काम सोपे झाले, म्हणून धीराची गरज संपली असे नाही. अधीर मुलगा भाग चौकटीपासून पिळून तोडतो. मग ताण पडलेल्या ठिकाणी प्लॅस्टिक पांढरे पडते. जाणता मुलगा धारदार कटरने भाग प्रथम थोडा दूर कापतो. उरलेला देठ तो दुसऱ्यांदा जवळून छाटतो आणि बारीक कानशीने ती जागा गुळगुळीत करतो. मांडीचा सांधा उलटा बसला तर तो पुढे पाऊल टाकण्याच्या वेळी कळतो, आणि तोवर त्यावर दहा भाग चढलेले असतात. म्हणून चार वेळा पाहावे आणि मगच एकदा दाबावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर अनेक जण संचाचे परीक्षण लिहितात. गुडघे व कोपरे किती वाकतात? प्रतिकृती एका पायावर तोल सांभाळते काय? दोन भागांमधील सांध्याची रेघ डोळ्यांत खुपते काय? दिलेल्या किमतीला संच उतरतो काय? असे प्रश्न परीक्षक स्वतःस विचारतो. यांत सर्वांत कठीण प्रश्न असा, की दोष साच्याचा आहे की आपल्या हाताचा? खुंटी कानशीने अधिक घासून टाकावी आणि सांधा सैल निघाला म्हणून कारखान्यास बोल लावावा, हे ‘नाचता येईना अंगण वाकडे’ यातलेच होय. तसेच १९८० च्या संचाकडून आजच्या संचाची लवचीकता मागणे हाही अन्यायच. उलट, संच आवडता आहे म्हणून त्याचे उणे झाकून ठेवणे हेही योग्य नव्हे. कारण ते परीक्षण वाचून कोणी मुलगा कित्येक महिने साठविलेले पैसे खर्च करणार असतो. त्याचा विश्वास परीक्षकाच्या शब्दावर असतो.

योकोहामा बंदरात डिसेंबर २०२० पासून मार्च २०२४ पर्यंत पूर्ण १८ मीटर उंचीचा, हातपाय हलविणारा गंडम उभा होता. तो घडविण्यास अनेक अभियंते लागले. साडेबारा सेंटिमीटरांचा गंडम मात्र एकटा मुलगाही उभा करू शकतो. मोठ्यास जसे प्रत्येक सांध्याचे अचूक माप लागते, तसेच या चिमुकल्यासही लागते. हाताला नेटकेपणा आणि लेखणीला सचोटी, ही दोन्ही त्याच्यापासून शिकता येतात.

स्वाध्याय

१. मालिका लवकर बंद पडूनही गंडम लोकप्रिय कसा झाला?
२. १८ मीटर उंचीच्या यंत्रमानवाची ६० पट लहान प्रतिकृती किती उंच होईल? गणित करून दाखवा.
३. ‘चार वेळा पाहावे आणि मगच एकदा दाबावे’ असे का म्हटले आहे?
४. परीक्षकाने कोणते दोन अन्याय टाळावेत?
५. तुम्ही स्वतः जोडलेल्या किंवा बनविलेल्या एखाद्या वस्तूचे गुणदोष दहा ओळींत लिहा.