"आय" लिहावे की "मी"?
इंग्रजीचा एक लहान धडा



आपल्या पुष्कळ घरांत तीन भाषा एकत्र नांदतात. वडीलधारी मंडळी मराठी बोलतात, नातवंडे हिब्रू बोलतात, आणि परदेशी नातलगांच्या सुनामुलांना पत्र लिहायचे तर इंग्रजी लागते. या तीन भाषांतील काही लहान शब्दांचे उच्चार सारखे, पण अर्थ निराळे आहेत. मराठीत "मी" म्हणजे बोलणारा स्वतः, हिब्रूत "मी" म्हणजे कोण, आणि इंग्रजीत "मी" म्हणजे मला. हिब्रूत "हू" म्हणजे तो, तर इंग्रजीत कोण. हिब्रूत "ही" म्हणजे ती, तर इंग्रजीत तो! तेव्हा गोंधळ होणे साहजिक आहे. नियम समजला की तो दूर होतो.

वाक्यातील क्रिया करणारा तो कर्ता; ती ज्याच्यावर घडते ते कर्म. कर्त्यासाठी आय, ही, शी, वुई, दे हे शब्द येतात. कर्मासाठी मी, हिम, हर, अस, देम येतात. "यू" आणि "इट" बदलत नाहीत. हिब्रू जाणणाऱ्यांनी "अनी" आणि "ओती" यांतील फरक आठवावा. येथेही तसेच आहे.

एकटे सर्वनाम असले तर आपण सहसा चुकत नाही. दोन माणसे आली की अडचण होते. "ही इन्व्हायटेड सारा अँड आय" हे कानाला सभ्य वाटते, पण चूक आहे. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: साराला क्षणभर बाजूला ठेवा. "ही इन्व्हायटेड आय" असे कोणी म्हणणार नाही. म्हणून "सारा अँड मी" हेच बरोबर. उलट "सारा अँड आय वेंट टू लोद" येथे "आय" हवे, कारण जाणारे आपणच.

टू, फॉर, विथ, फ्रॉम, बिट्वीन या शब्दांनंतर नेहमी कर्माचे रूप येते. म्हणून "बिट्वीन यू अँड मी" म्हणावे.

मराठीतील "ला" पाहून मात्र फसू नये. "मला भूक लागली" याचे इंग्रजी "आय ॲम हंग्री" असे होते. "त्याला गाणे आवडते" म्हणजे "ही लाइक्स द साँग". मराठी प्रत्यय पाहू नये, इंग्रजी वाक्यातला कर्ता शोधावा.

"हू" आणि "हूम" यांसाठी उत्तर देऊन पाहावे. उत्तरात "ही" आले तर "हू", "हिम" आले तर "हूम". बोलताना आज बहुतेक लोक "हू"च वापरतात; औपचारिक पत्रात "हूम" शोभते. तसेच "इट इज मी" हे बोलण्यात सर्वमान्य आहे.

हे सारे केवळ परीक्षेपुरते नाही. आईविषयी भावाला लिहिले, "शी लव्ह्ज यू मोअर दॅन आय", तर अर्थ होतो: माझे तुझ्यावर जेवढे प्रेम आहे, त्याहून तिचे जास्त आहे. शेवटी "मी" लिहिले, तर तिचे माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त प्रेम आहे असाही अर्थ निघतो, आणि ती तक्रार ठरते! एका अक्षराने भावाभावांत गैरसमज व्हायला नको. शंका असेल तेथे क्रियापद पूर्ण लिहावे: "दॅन आय डू" किंवा "दॅन शी लव्ह्ज मी".

आता स्वतः करून पाहा. रिकाम्या जागी "आय" की "मी"?

1. रिबेका अँड ... लिव्ह इन अश्दोद.
2. ग्रँडमदर गेव्ह मलिदा टू डॅनियल अँड ... .
3. लेट डेव्हिड अँड ... हेल्प यू.

उत्तरे: 1. आय. 2. मी. 3. मी, कारण डेव्हिडला वगळले तर "लेट मी हेल्प यू" असेच आपण म्हणतो.

नातवंडे शाळेत इंग्रजी शिकत असतील तर त्यांच्याबरोबर बसून हा धडा करावा. ती आपल्याला उच्चार सांगतील. कर्ता आणि कर्म आपण त्यांना मराठीतून समजावून देऊ.