जाहिराती किती, कुठे आणि कितीला?

दिवाळी अंकाच्या संपादकाला एक गणित तोंडपाठ असतं. जाहिरातींवाचून अंक निघत नाही आणि जाहिराती वाचायला कुणी अंक घेत नाही. पाककृती, भटकंती, शेतीसल्ला किंवा तालुक्याच्या बातम्या देणारं स्वतःचं संकेतस्थळ चालवणाऱ्यालाही हेच गणित सोडवावं लागतं. फरक एवढाच की दिवाळी अंकाचा वाचक पैसे आधीच मोजून बसलेला असतो. संकेतस्थळाचा वाचक वैतागला की अंगठ्याच्या एका फटक्यात निघून जातो. म्हणून वही काढा आणि हिशेब मांडा.

खर्च किती?

लहान संकेतस्थळाचा वर्षाचा खर्च साधारण असा येतो:

- डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव: ६०० ते १,५०० रुपये
- लहान शेअर्ड होस्टिंग: ३,००० ते ६,००० रुपये
- एसएसएल प्रमाणपत्र: 'लेट्स एन्क्रिप्ट'चं फुकट मिळतं
- वर्डप्रेस आणि साधी थीम: फुकट
- डोमेन आणि होस्टिंगच्या बिलावर १८ टक्के जीएसटी

पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा दर कितीतरी जास्त असू शकतो. खरेदीआधी तोच विचारा.

संकेतस्थळावर जाहिराती दाखवून त्याचे पैसे देणाऱ्या गुगल अ‍ॅडसेन्सचं खातं उघडायला रुपयाही लागत नाही आणि मराठी मजकूर तिथे चालतो. 'अप्रूव्हल काढून देतो' म्हणत पैसे मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा.

पैसे हातात केव्हा?

खात्यात १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पोस्टानं पिन येतो. प्रत्यक्ष पैसे १०० डॉलर झाल्यावरच सुटतात, तेही महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान. महिन्याला १,२०० रुपये मिळत असतील आणि डॉलर ८५ ते ९० रुपयांना धरला, तर पहिली रक्कम यायला आठ-नऊ महिने जातात. तोवरचा खर्च खिशातून करायचा आहे, हे गृहीत धरा.

हिशेब पानाचा नव्हे, भेटीचा

बहुतेकांची चूक इथे होते. दर हजार पानांमागे किती मिळाले, म्हणजे 'आरपीएम', हा एकच आकडा ते पाहतात. समजा, महिन्याला १०,००० भेटी होतात आणि प्रत्येक वाचक सरासरी तीन पानं उघडतो. ३०,००० पानं झाली. आरपीएम ४० रुपये धरला, तर कमाई १,२०० रुपये.

आता तुम्ही जाहिराती वाढवल्या आणि आरपीएम ५५ वर गेला. आकडा पाहून बरं वाटतं. पण वाचक वैतागून दुसऱ्याच पानावर थांबू लागला, तर २०,००० पानांचे १,१०० रुपये होतात. जाहिराती वाढल्या आणि कमाई १०० रुपयांनी घटली. परत न आलेला वाचक तर या हिशेबात धरलेलाच नाही.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे वेगळे असतील. पण एकूण कमाईला भेटींच्या संख्येनं भागायची सवय लावा. वरच्या उदाहरणात दर भेटीला १२ पैसे मिळत होते, ते ११ झाले. खरं उत्पन्न या आकड्यात दिसतं.

किती?

एका पानावर तीनच जाहिराती लावायची अट अ‍ॅडसेन्सनं २०१६ मध्ये काढून टाकली. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त नकोत, एवढा नियम उरला. पण मोबाइलसाठी 'कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स' या जाहिरात क्षेत्रातल्या संघटनेचं माप जास्त कडक आहे: जाहिरातींची एकूण उंची मुख्य मजकुराच्या भागाच्या उंचीच्या ३० टक्क्यांवर जाता कामा नये. हे निकष वारंवार मोडणाऱ्या संकेतस्थळावरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम ब्राउझर गाळून टाकतो. ९ जुलै २०१९ पासून हे जगभर लागू आहे.

माप असं काढा. नेहमीची चौकोनी जाहिरात ३०० बाय २५० पिक्सेलची, म्हणजे उंची २५०. मोबाइलवर लेख ४,००० पिक्सेल लांब असेल, म्हणजे साधारण पाच स्क्रीन, तर ३० टक्के म्हणजे १,२००. चार जाहिराती बसतात, पाचवी लावली की रेषा ओलांडते. १,५०० पिक्सेलच्या छोट्या बातमीत मर्यादा ४५० ची, म्हणजे एकच जाहिरात. ही कमाल मर्यादा आहे, लक्ष्य नव्हे. लांब लेखात तीन, छोट्या मजकुरात एक, इथून सुरुवात करा.

कुठे?

पहिली जाहिरात दोन-तीन परिच्छेदांनंतर लावा. शीर्षकाखाली लगेच जाहिरातींची भिंत उभी केली, तर वाचकाला वाटतं की चुकीच्या दारात आलो. वरचा भाग जाहिरातींनी भरलेल्या पानांना गुगल शोध २०१२ पासून मागे टाकतो.

पाककृतीत साहित्य आणि कृती यांच्या मध्ये एक जाहिरात चालेल, पण कृतीच्या पायऱ्या तोडू नका. कणकेच्या हातांनी कुणी जाहिरात बंद करत बसत नाही. पुढच्या पानाचं बटण, डाउनलोड, मेनू यांना चिकटून जाहिरात कधीच नको. चुकून पडलेले क्लिक 'अवैध' ठरतात, पैसे कापले जातात, खातंही बंद होऊ शकतं. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः क्लिक करणं किंवा घरच्यांना करायला सांगणं याचाही शेवट तोच.

मजकूर झाकणारा पॉपअप, आपोआप आवाज सुरू करणारा व्हिडिओ आणि पडद्याचा ३० टक्क्यांहून जास्त भाग अडवून बसलेली चिकट पट्टी या तिन्हींना फाटा द्या. अ‍ॅडसेन्सच्या 'ऑटो अ‍ॅड्स', म्हणजे आपोआप लागणाऱ्या जाहिराती, सुरू केल्या असतील, तर जाहिरातींचं प्रमाण कमीवर आणा आणि पूर्ण पडदा व्यापणाऱ्या जाहिराती बंद करून पाहा.

जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा. नाहीतर ती उशिरा उगवते, मजकूर खाली ढकलते आणि वाचकाची ओळ हरवते. गुगलच्या मोजमापात हे सरकणं ०.१ च्या आत आणि मुख्य मजकूर दिसायला लागणारा वेळ अडीच सेकंदांच्या आत हवा.

गावातली जाहिरात

तालुक्याच्या बातम्यांचं संकेतस्थळ असेल, तर गुगलवर सगळी भिस्त ठेवू नका. सराफ, मे-जूनमध्ये प्रवेश देणारे क्लास, मंगल कार्यालय, बियाण्यांचं दुकान यांना गावातलाच वाचक हवा असतो. अशा एकानं महिन्याला १,५०० रुपये दिले, तर वरच्या उदाहरणातल्या महिन्याच्या कमाईपेक्षा ते जास्त आहेत, शिवाय मध्ये दलाल नाही. मात्र दर, कालावधी आणि जागा लेखी ठरवा, पावती द्या आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांची रांग पहिल्या पानावर लावू नका.

पैसे घेऊन लिहिलेल्या मजकुरावर 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहा आणि त्यातल्या दुव्याला 'स्पॉन्सर्ड' खूण लावा. बातमीच्या वेशातली जाहिरात ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'डार्क पॅटर्न' ठरते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हाच आहे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अ‍ॅडसेन्समध्ये नको असलेले जाहिरात-प्रकार रोखता येतात. ती यादी आजच तपासा.

एक जाहिरात काढून बघा

शंका असेल तर सगळ्यात कमी कमावणारी जाहिरात दोन आठवडे काढून ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांतली दर भेटीची कमाई, दर भेटीची पानं आणि परत येणारे वाचक हे तीन आकडे शेजारी मांडा. गणपती-दिवाळीच्या दिवसांत जाहिरातींचे दर वरखाली होतात, तेव्हा हा प्रयोग नको. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळणार नाही.

आणि वर्षाचा खर्च ६,००० असेल, तर ४० रुपयांच्या आरपीएमला महिन्याला १२,५०० पानं वाचली गेली की तो भरून निघतो. तेवढी पानं भरत नसतील, तर पाचवी जाहिरात लावण्यात वेळ घालवू नका. त्या वेळात एक चांगला लेख लिहा.