हवेच्या सेन्सरची जागा बदलावी का?

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपल्या जिल्ह्यात गाडीशिवाय धंदा नाही. मालवण, कुडाळ, कणकवलीचे बाजार धरायचे, इचलकरंजीहून कापडाचे गठ्ठे घाट उतरवून आणायचे, तर गाडीने साथ दिली पाहिजे. अशा वेळी कोणी सांगतो, "हवेचा सेन्सर दुसरीकडे बसवा, पिकअप वाढेल." पैसे मोजण्यापूर्वी त्यामागचा हिशेब समजून घेऊ.

सेन्सर काय करतो?

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत हा प्रश्नच नव्हता. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत इंजिनात किती हवा गेली ते संगणक ठरवतो आणि त्या मापाने पेट्रोल सोडतो. पुष्कळ गाड्यांत हे माप हवेचा दाब आणि तापमान यांवरून निघते. हवा तापली की विरळ होते. ३० अंशांची हवा ६० अंशांवर गेली तर तेवढ्याच जागेत सुमारे ९ टक्के कमी मावते. तापमान सांगण्याचे काम या सेन्सरचे. थंडीत त्याचा विद्युत रोध वाढतो, उष्णतेत घटतो. त्यावरून संगणक पेट्रोल ठरवतो आणि ठिणगी किती लवकर टाकायची तेही ठरवतो.

तक्रार कुठून येते?

काही गाड्यांत सेन्सर इंजिनाला चिकटून असतो. मे महिन्यात बाजारात गाडी बंद करून अर्ध्या तासाने चालू केली, की सेन्सर स्वतःच तापलेला असतो. आत येणारी हवा ४० अंशांची, तो सांगतो ६०. संगणक सुमारे ६ टक्के पेट्रोल कमी धरतो व ठिणगी मागे घेतो. गाडी जड वाटते. सेन्सर फिल्टरनंतरच्या प्लास्टिक नळीत बसवला तर हा दोष कमी होतो.

परंतु हा फायदा पहिल्या काही मिनिटांचाच. गाडी धावू लागली की वाहत्या हवेने सेन्सर आपोआप थंड होतो. म्हणून आंबोलीच्या चढावर या बदलाने फारसे काही हाती लागत नाही. आंबोली सुमारे ६९० मीटर उंच. तेथे हवेचा दाबच किनाऱ्यापेक्षा सुमारे ८ टक्के कमी, त्याला सेन्सर काय करणार? आम्ही कापड मोजणारे लोक. गज बदलल्याने कापड वाढत नाही.

धोका कोठे?

सेन्सरने हवा खरी आहे त्यापेक्षा थंड दाखवली, तर पेट्रोल जास्त जाते आणि ठिणगी लवकर पडते. सपाट रस्त्यावर ऑक्सिजन सेन्सर पेट्रोलची चूक बरीच सुधारतो. पूर्ण पॅडल दाबून चढ चढताना ती सुधारणा सहसा होत नाही. इंजिन नॉक करते आणि पिस्टनला इजा होऊ शकते. "पॉवर चिप" म्हणून विकला जाणारा साधा रोधकही संगणकाला हीच खोटी थंडी दाखवतो. तो घेऊ नये.

आधी हे तपासा

१) आपल्याकडे खारा वारा. सेन्सरच्या प्लगच्या पिनांवर हिरवा गंज चढतो, रोध वाढतो आणि हवा थंड असल्याचा भास होतो. तेल जास्त खाण्याचे हेही कारण असू शकते. बॅटरीची ऋण तार काढून प्लग कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा.
२) रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्कॅनरवर पाहावी. हवेचे व कूलंटचे तापमान जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके दिसले पाहिजे.
३) हवा ओढणारी नळी निसटून इंजिनाची गरम हवा घेत नाही ना, ते पाहावे. फिल्टर साफ असावा. येथे खरी थंड हवा मिळते, म्हणून खरा फायदाही येथेच आहे.

जागा बदलायचीच असेल तर

दाब व तापमानाचा सेन्सर एकत्र असेल, तापमानाचा सेन्सर हवा मोजणाऱ्या यंत्रातच असेल, टर्बोची गाडी असेल किंवा वॉरंटी चालू असेल, तर हात लावू नये. बाकी गाड्यांत फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये, रेडिएटरपासून दूर जागा निवडावी. नळी गाडीवरून काढूनच छिद्र पाडावे, म्हणजे प्लास्टिकचा कीस इंजिनात जाणार नाही. सेन्सर रबरी ग्रोमेटमध्ये घट्ट बसवावा. वाढवलेली तार झाळून वर आवरण चढवावे, नुसती पिळून टेप लावू नये. जुने छिद्र हवाबंद करावे, नाहीतर तेथून हवा शिरून इंजिन डळमळते. जुनी जोडणी परत करता येईल अशी ठेवावी.

सारांश, प्रथम प्लग, मग नळी, मग फिल्टर. एवढे करून पंधरा दिवस गाडी चालवावी आणि तेलाचा हिशेब वहीत मांडावा. बहुतेकांना पुढच्या खर्चाची गरज पडणार नाही.