कुंती विदुराकडे गेली, मी गेटवर



आजचं वाचन : महाभारत, आदिपर्व. दुर्योधन भीमाला विष घालतो तो भाग.

हा भाग मी आधी चार-पाच वेळा तरी वाचला असेन. दर वेळी लक्ष भीमाकडेच. गंगेकाठी प्रमाणकोटीला सहल, जेवणात कालवलेलं विष, वेलींनी बांधून पाण्यात ढकललेला भीम, नागलोक, तिथे आठ कुंडं रस पिऊन आठव्या दिवशी जाग येणं. या वेळी मात्र मी घरी असलेल्या कुंतीपाशी अडकलो. बाकीची मुलं परत येतात, युधिष्ठिर विचारतो, "आई, भीम आधीच आला का?" आणि तिला कळतं की तो आलेलाच नाही.

का अडकलो ते सांगतो.

गेल्या महिन्यात मुलाला आंघोळ घालताना बायकोला त्याच्या पाठीवर बारीक निळसर ठिपके दिसले. आधी वाटलं डास असतील. मग एका ठिपक्यात शिसपेन्सिलीचं टोक दिसलं, आत रुतलेलं. मुलगा दुसरीत आहे. बरंच विचारल्यावर म्हणाला, मागच्या बाकावरचा मुलगा टोचतो. किती दिवस? दोन आठवडे. मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "तू कॉलवर असतोस ना."

त्या रात्री घरात सल्ल्यांची रांग लागली. साताऱ्याहून बाबांचा फोन : "रडत काय बसतोय, त्यालाही दोन ठेवून दे म्हणावं." बायको म्हणाली, सकाळी क्लासटीचरना लेखी द्यायचं, फोटोसकट. मी दोघांनाही हो म्हणालो आणि केलं तिसरंच. तो मुलगा आमच्याच सोसायटीत राहतो. सकाळी स्कूलबसची वाट बघत गेटवर आजीबरोबर उभा होता. मी गुडघ्यावर बसलो, त्याचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणालो, "परत हात लावलास ना, तर बघ." हळू आवाजात बोलणं म्हणजेच संयम, असं तेव्हा वाटत होतं. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. मला वाटलं, घाबरला. आणि बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

आता परत कुंतीकडे. तिला दुर्योधनाचा संशय आलेला आहे. ती थेट दुर्योधनाकडे जात नाही, गांधारीच्या महालात जाऊन आरडाओरडाही करत नाही. ती विदुराला बोलावून घेते आणि मनातली भीती त्याच्यापुढे मांडते. विदुर म्हणतो, हे उघड बोलू नकोस, उरलेल्या मुलांना सांभाळ. दुर्योधनाला जाब विचारलास तर तो आणखी काहीतरी करेल. आणि भीम परत येईल, असा धीरही देतो. भीम परतल्यावर युधिष्ठिरही तेच सांगतो : गप्प राहा, आणि यापुढे आपण सगळ्यांनी एकमेकांवर लक्ष ठेवायचं.

पण कुंती ज्याच्याकडे गेली तो विदुर कोण? काही आठवड्यांपूर्वी आपण अणीमांडव्य ऋषींची गोष्ट वाचली होती, आठवतंय? चोरीचा आळ येऊन त्यांना सुळावर चढवतात. पुढे ते यमधर्माला विचारतात, माझ्या कुठल्या पापाचं हे फळ? उत्तर येतं : लहानपणी तू किड्यांना गवताची काडी टोचली होतीस. मांडव्य संतापतात. पोरवयातल्या चुकीला एवढी शिक्षा? ते धर्माला मनुष्यजन्माचा शाप देतात आणि मर्यादा घालून देतात की चौदा वर्षांपर्यंतच्या कृत्याचं पाप लागणार नाही. शाप मिळालेला तो धर्म म्हणजेच विदुर.

मी दोन्ही गोष्टी वाचलेल्या होत्या, पण त्यांचा धागा कधी जुळवलाच नव्हता. पोराला जादा शिक्षा केली म्हणून जो जन्माला आला, त्याच्याच दारात मुलाला इजा झालेली आई जाते! आणि काडी टोचणं वाचताना मला पेन्सिलच दिसत होती. (आपल्या कायद्यातही अशी मर्यादा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही. पुढे बारापर्यंत त्याला समज कितपत आहे ते बघतात. मांडव्य जास्त उदार होते.)

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. पेन्सिलीबद्दल नाही, माझ्याबद्दल! त्या मुलाच्या आईने तक्रार केली होती, आणि ती रास्त होती. आम्ही दोघं गेलो, दुसरीच्या त्या बुटक्या खुर्च्यांवर बसलो. बायकोने फोटो दाखवले. बाईंनी ते नीट बघितले, तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, पुढच्या बाकावरच्या एका मुलीने कालच येऊन सगळं सांगितलंय. पेन्सिलीचंही, आणि त्याआधीचंही.

त्याआधीचं हे : तो मुलगा बोलताना अडखळतो, आणि आमचे चिरंजीव महिनाभर त्याची नक्कल करत होते. अख्खा वर्ग हसायचा. गेटवर त्याला शब्द का फुटला नव्हता ते मला त्या खुर्चीवर कळलं.

आदिपर्वात विषाच्या आधीची पानं बघा. भीम कौरवांचे केस धरून फरपटतो, दहा-दहा जणांना कवेत धरून पाण्यात बुड्या मारतो, ते झाडावर चढले की लाथेने झाड हलवून फळांसारखं खाली पाडतो. महाभारत सांगतं की त्याच्या मनात वैर नव्हतं, पोरपणा होता. मान्य. पण त्याला कुणी "बास" म्हटल्याचं मला तरी वाचताना दिसलं नाही. म्हणजे विष घालणं ठीक ठरतं असं अजिबात नाही, त्यात राज्याचा लोभ होता आणि ठरवून केलेला कट होता. पेन्सिल टोचणंही ठीक ठरत नाही. पण मी बाप म्हणून फक्त पाठ बघितली होती.

त्या पुढच्या बाकावरच्या मुलीवरून युयुत्सू आठवतो. भीमाला पुन्हा विष घातलं जातं तेव्हा तो पांडवांना येऊन सांगतो, आणि तो स्वतः धृतराष्ट्राचाच मुलगा! मी आता मुलाला "आज तुला कुणी मारलं का?" एवढंच विचारत नाही, "आज वर्गात कुणाला त्रास झाला का?" असंही विचारतो. उत्तरं वेगळी येतात.

विदुराच्या एका गोष्टीशी मात्र मी आज सहमत होऊ शकत नाही : गप्प राहणं. त्याचाही नाइलाज होता. तक्रार करायची कुणाकडे? राजा हाच आरोपीचा बाप. आपल्याकडे क्लासटीचर आहेत, मुख्याध्यापक आहेत, आणि शाळा ऐकतच नसेल, प्रकरण गंभीर असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. बायको पहिल्या रात्री हेच सांगत होती. "दोन ठेवून दे" हे बाबांनी प्रेमानेच सांगितलं होतं, पण आमच्या मुलाने मारलं असतं तर बाईंच्या वहीत दोन्ही नावं एकाच रकान्यात गेली असती. आणि दुसऱ्याच्या लेकराशी परस्पर "बोलून घेणं" तर नकोच. चाळीस किलोच्या फरकाने दंड धरणं याला बोलणं म्हणत नाहीत.

बाईंनी दोघांच्या जागा बदलल्या. शाळेच्या समुपदेशक दोघांशी वेगवेगळ्या बोलल्या. आमच्या मुलाने माफी मागितली, आधी माझ्या सांगण्यावरून, मग चार दिवसांनी म्हणे स्वतःहून एकदा. त्या मुलानेही मागितली. मी त्याच्या आईची माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाल्या. चहाला बोलावलं नाही, आणि बोलवावं अशी अपेक्षाही नव्हती.

पोरं आता बसमध्ये शेजारी बसून कार्ड्स खेळतात. मला बघितलं की तो मात्र अजून आजीच्या मागे जातो. मी लांबूनच हात हलवतो आणि मुलाला बसमध्ये चढवून परत येतो.

उद्याचं वाचन : विहिरीत पडलेली विटी आणि द्रोणाचार्य.

राम कृष्ण हरी.